पोळीमागे दहा पैसे

आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला सत्यनारायण असतो. सकाळी झेंडावंदन, दुपारी पूजा, संध्याकाळी हळदीकुंकू आणि मुलांची बक्षिसं, असा वर्षानुवर्षं ठरलेला दिवस. यंदा त्यात आईचा सत्कार घालायचं ठरलं. सेक्रेटरींचा मला मेसेज आला, "काकूंचा परिचय पाठवा. दहा ओळी. जरा प्रेरणादायी असू दे."

प्रेरणादायी लिहायला मला वीस मिनिटं पुरली. असले परिचय आपण जन्मभर ऐकत आलेलो असतो, हात आपोआप चालतो. 'पतीची नोकरी गेली तरी खचून न जाता', 'जिद्दीच्या बळावर', 'केवळ मेहनतीच्या जोरावर'. आई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती, तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान आहे. कुणाचा आहे हा?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती मेथीच्या काड्या पेपरच्या एका कडेला सारत म्हणाली, "खिडकीचं काहीच लिहिलं नाहीस. आणि ताईंचं?"

परिचय तिथेच अडला, तो पुढे आठ दिवस अडून राहिला.

खिडकीचं आधी सांगते. १९९० च्या सुमारास बाबांनी सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, घरांच्या सोडतीत अर्ज टाकला, तेव्हा आम्ही ठाण्यात चेंदणीला दोन खोल्यांत सात माणसं राहत होतो. नंबर लागला. बाबा येताना पेढे घेऊन आले, आजीने ते देवापुढे ठेवले, आणि मग कागद नीट वाचल्यावर कळलं की नेरूळचं ते घर तळमजल्यावर आहे. आई चक्क रडली. तळमजला म्हणजे डास, तुंबलेली गटारं, पावसात उंबऱ्याशी पाणी, आणि येणारा-जाणारा घरात डोकावणार. मामा समजूत घालत होता, "अगं, सोडतीत नाव निघालं हेच नशीब, मजला कसला बघतेस!" आजी म्हणाली, "देवाने दिलं, पण हात आखडून दिलं."

त्याच बिल्डिंगमध्ये तिसरा मजला लागलेल्यांचा आम्हाला हेवा वाटायचा. भरपूर उजेड, खाडीवरून येणारा वारा, कपडे वाळत घालायला मोकळी गॅलरी. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणजेच आईच्या ताई. आम्हा मुलांच्या वरच्या काकू.

नेरूळ तेव्हा म्हणजे मधेच चार बिल्डिंगा आणि बाकी उघडं माळरान. १९९२ मध्ये लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली, १९९३ मध्ये नेरूळ-बेलापूरपर्यंत पोचली, आणि आमच्या खिडकीबाहेरची पायवाट बघता बघता स्टेशनची वाट झाली. सकाळी सहापासून नुसती पावलं. आई वैतागायची. दिवसाढवळ्या पडदा ओढून बसावं लागतं म्हणून तिने बाबांच्या मागे घर विकून टाकायचा धोशा लावला होता. बाबांनी दोन-तीन जणांना दाखवलंही. गिऱ्हाईक मिळालं नाही. तळमजला ना!

१९९५ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं. त्या काळात त्या रस्त्यावरच्या बऱ्याच गेटांना टाळी लागली. पहिले काही महिने बाबा रोज डबा घेऊन गेटवर जाऊन बसायचे, जणू आतून कुणीतरी हाक मारेल. घरात दुधाचं बिल थकलं. आणि एके दिवशी सकाळी स्टेशनला निघालेला एक मुलगा खिडकीशी थांबला, म्हणाला, "काकू, तुमच्याकडे डबा मिळतो का? वास आला म्हणून विचारलं." आई नाही म्हणाली. त्या रात्री ती झोपली नाही. तिच्या धंद्याची सुरुवात एवढीच. त्यामागे ना काही योजना होती, ना स्वप्न. फोडणीचा वास खिडकीबाहेर गेला आणि तो ज्याच्या नाकात गेला त्याने विचारलं.

आता परिचयात कधीच येणार नाही अशी एक गोष्ट. आईला पोळ्या येत नव्हत्या.

म्हणजे घरच्यापुरत्या येत होत्या. ती मूळची मालवणकडची, तिचा हात तांदळाच्या भाकरीवर बसलेला. तिची पोळी तव्यावरून ताटात येईपर्यंत बरी असायची, डब्यात दुपारपर्यंत तिचं चामडं व्हायचं. आणि विकतची पोळी तर दुपारीच खाल्ली जाते.

तिला शिकवलं वरच्या काकूंनी. चार संध्याकाळी त्या खाली येऊन आमच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मी चौदा वर्षांची होते, स्वयंपाकघराच्या दारात बसून बघत होते, आणि त्यांचा हात मला अजून दिसतो. कणीक इतकी सैल की आईला वाटलं पाणी जास्त पडलं. "अगं, कणकेला घाबरू नकोस," काकू म्हणाल्या, "तेलाचा हात लाव आणि झाकून ठेव, ती स्वतःच शहाणी होते." मग पुरीएवढी लाटायची, बोटाने तेल फिरवायचं, वर चिमूटभर तांदळाची पिठी, अर्धी घडी, पुन्हा तेल, पुन्हा पिठी, पुन्हा घडी. झाला त्रिकोण. त्यावर लाटणं मधे न दाबता कडेकडेने फिरायचं आणि पोळी पोळपाटावर आपसूक गोल सरकत मोठी होत जायची. काकू तिकडे बघतही नसत, तोंडाने शेजारच्या बिल्डिंगच्या गप्पा चालू. तव्यावर एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली, तिसऱ्यांदा टम्म. उतरवताना दोन तळव्यांत धरून एक हलकी चापट, की वाफ निघून पदर सुटे. आईने तेच सगळं त्याच क्रमाने केलं. पोळी झाली. चांगली झाली. काकूंसारखी मात्र कधीच झाली नाही, तीस वर्षं झाली.

याला काय म्हणायचं? प्रतिभा हा शब्द आपण कवीसाठी राखून ठेवलाय, पोळीला तो लावला तर लोक हसतील. पोळीसाठी आपल्याकडे 'हाताला चव' आहे, डॉक्टरसाठी 'हाताला यश' आहे, बोहनी करणाऱ्याचा 'हात लाभतो'. जे शिकवून येत नाही ते मराठी माणसाने हातात नेऊन ठेवलंय, आणि मला तो पत्ता बरोबर वाटतो. काकूंना स्वतःलाही सांगता येत नव्हतं की त्या नेमकं काय करतात. आईने विचारलं, तेल किती? "लागेल तेवढं." शेकायचं किती? "कळतं गं."

दोघींनी एकाच महिन्यात सुरुवात केली. काकूंनाही गरज होतीच, मुलगा कॉलेजात आणि काकांचा पगार तुटपुंजा. भांडण नाही, चढाओढ नाही, उलट दोघींनी मिळून ठरवलेलं. जिन्याशी पुठ्ठ्याची एक पाटी, तिच्यावर दोन्ही घरांचे नंबर. आईच्या पोळ्या खिडकीत, काकूंच्या तिसऱ्या मजल्यावर.

चार महिन्यांत काकूंचं बंद पडलं.

सकाळी धावतपळत लोकल गाठणारा माणूस सहा पोळ्यांसाठी तीन जिने चढत नाही. वरची पोळी खालच्यापेक्षा मऊ आहे हे त्याला पक्कं ठाऊक असलं तरी चढत नाही. काकूंनी मुलाला डबा देऊन खाली उभं केलं, पण त्याला कॉलेजची पोरं दिसली की तो डबा मागे लपवायचा. तोवर आमच्या खिडकीशी चार माणसं उभी राहायला लागली होती. चार माणसं उभी दिसली की पाचवा थांबतोच. एवढी माणसं थांबलीत म्हणजे काहीतरी असणार, असं म्हणून थांबतो. सहावा पाचव्याला बघून.

ही मला माझीच हुशारी वाटायची, पण हे कुणीतरी मोजूनही ठेवलंय. अमेरिकेत मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी इंटरनेटवर एक प्रयोग केला, तो २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. फारशा माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी आणि ऐकणारे चौदा हजारांहून जास्त. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले, आणि आपल्या गटातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते त्यांना दिसेल असं ठेवलं. गाणी तीच, पण प्रत्येक गटात निकाल निराळा. एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर चढली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीला कुणाच्या दाराशी दोन माणसं जास्त थांबली, त्यावर.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो आणि विषय संपवतो. पण त्या दिवसापासून कावळ्याची तब्येत, त्याचा सराव आणि त्याची जिद्द यांवर भाषणं सुरू होतात, त्याचं काय?

थांबा. आईवर अन्याय होतोय. ती पहाटे साडेतीनला उठायची. चारला कणीक मळून व्हायची, त्याआधी पाणी भरायचं, कारण नळ तेव्हाच यायचा. तिच्या उजव्या मनगटावर तव्याच्या कडेचे डाग आहेत, एकाखाली एक, मोजले तर अकरा. ताप असला तरी खिडकी उघडायची. आणि २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्याने आपलं मूळ रूप दाखवलं. गुडघाभर पाणी घरात, पिठाची तीन पोती भिजून लगदा. दोन रात्री आम्ही सगळे वरच्या काकूंकडे, गॅलरीत सतरंज्या टाकून. तिसऱ्या दिवशी चिखल काढून आईने उधारीवर एक पोतं आणलं आणि चौथ्या दिवशी खिडकी उघडली. हे कष्ट खोटे आहेत असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन.

पण मग बाबांचं काय करायचं? कारखाना गेल्यावर त्यांनी तीन ठिकाणी हंगामी कामं केली, एका ठिकाणी पगार बुडाला, एक कंत्राटदार पळून गेला. शेवटी आईचेच डबे सायकलवर घालून ते सीवूड्सपासून सानपाड्यापर्यंत पोचवायचे, मे महिन्यातसुद्धा, वयाच्या साठीपर्यंत. मेहनतीचा काटा लावला तर दोघांची पारडी सारखी राहतील. आईला लोक म्हणाले, कष्टाचं चीज झालं. बाबांना म्हणाले, बायकोने संसार सावरला. बाबा हसून म्हणायचे, "आमचं नशीब ना, टाळेबंदीत निघालेलं." ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांचा परिचय कुणी मागितला नव्हता.

१९९७ पासून वरच्या काकू आमच्याकडे पोळ्या लाटायला यायला लागल्या.

हे वाक्य मी लिहिलं आणि खोडलं, पुन्हा लिहिलं. सोपं वाक्य आहे. गिऱ्हाईक वाढलं, आईला एकटीला झेपेना, काकू घरीच होत्या. पोळीमागे ठरावीक पैसे, रोजचे रोज. पहाटे पाचला त्या जिना उतरून यायच्या, आईच्या शेजारी दुसरा पोळपाट मांडायच्या, आणि साडेआठला हात धुऊन वर जायच्या. निम्म्या पोळ्या त्यांच्या, निम्म्या आईच्या, एकाच डब्यात एकावर एक. आणि खिडकीशी गिऱ्हाईक म्हणायचं, "काकू, काय पोळी असते हो तुमची! हाताला चव आहे." आई हसायची. पाठीमागे दोन हातांवर वरच्या काकू खाली मान घालून लाटत असायच्या.

दहा वर्षं हे असंच चाललं. त्या दहा वर्षांतच आमच्या खिडकीचं नाव झालं.

त्या काळातलं कुणी वाईट वागलेलं मला आठवत नाही. दिवाळीला काकूंना साडी, काकूंकडून आम्हाला अनारसे. मुलगी म्हणून मी दोन्ही घरांत वाढले. तरी ते 'हाताला चव आहे' ऐकून आईची मान किंचित मागे वळायची आणि पुन्हा पुढे यायची, ते मी पाहिलेलं आहे. एकदाही तिने "ती माझी नाही, यांची आहे" असं म्हटलं नाही. गिऱ्हाईकाला घाई असते हे खरं. पण दहा वर्षं?

खिडकीसमोर रस्त्यापलीकडे संध्याकाळी एक मावशी मासे घेऊन बसायच्या, जवळच्या गावठाणातल्या. आईशी त्यांची गट्टी. एकदा पाटीवर पाणी मारता मारता आमच्या बिल्डिंगकडे हात करून म्हणाल्या, "इथं आमचा भाताचा शेत व्हता." तक्रारीचा सूर नव्हता, पत्ता सांगावा तसं सांगितलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्यातून पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळं आम्ही शाळेत असताना ऐकून होतो, धड्यासारखं. आमच्या सोडतीतल्या चिठ्ठीखाली कुणाचा तरी सातबारा होता हे मला त्या पाटीशेजारी उभी असताना पहिल्यांदा कळलं. मावशी पहाटे तीनला बंदरावर जायच्या. मेहनत त्यांनाही कुणी शिकवायला नको होती.

आणि मी? मी इंजिनियर झाले, महापेला एका कंपनीत आहे, बाबांच्या बंद कारखान्यापासून दोन स्टॉप पुढे. नव्या मुलांना आम्ही ओरिएंटेशन देतो त्यात माझं एक भाषण असतं. 'पोळ्या लाटणाऱ्या आईची मुलगी.' टाळ्या मिळतात. त्यात मी म्हणते की मी रात्री दोनपर्यंत अभ्यास करायचे. ते खरंच आहे. पण आमच्या खिडकीबाहेर सिडकोचा दिवा होता, तो रात्रभर जळायचा आणि बिल आम्हाला येत नव्हतं, हे मी कधी बोलत नाही. मुद्दाम लपवते असं नाही. आठवतच नाही. चढावर सायकल हाणताना मांड्या दुखतात त्या लक्षात राहतात, उतारावर वारा लागतो तेव्हा गाणं सुचतं.

गेल्या २ नोव्हेंबरला महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. बेंगळुरूला ठरलेले सामने ऐनवेळी नवी मुंबईला हलवले गेले म्हणून, नाहीतर तो आवाज आमच्या कानावर कुठून यायला! पावसाने सामना उशिरा सुरू झाला, संपेपर्यंत मध्यरात्र उलटली. आईला झोप नव्हती. टीव्हीचं चित्र काही सेकंद मागे असतं, त्यामुळे विकेट आम्हाला आधी खिडकीतून ऐकू यायची आणि मग पडद्यावर दिसायची. आईला त्याची फार गंमत वाटत होती. ओरडा झाला की ती म्हणायची, "आता बघ, आता पडेल."

हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला, भारत ५२ धावांनी जिंकला. ८७ धावा आणि दोन बळी घेणारी शफाली वर्मा सामनावीर. मी आईला सांगितलं, ही मुलगी मुळात संघातच नव्हती. प्रतीका रावल सलामीला यायची, तिने याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध १२२ धावा केल्या होत्या. तीनच दिवसांनी, पुन्हा याच मैदानावर, बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा घोटा दुखावला आणि तिच्या जागी शफालीला बोलावणं गेलं.

"आणि त्या पहिलीचं काय?" आईने विचारलं.

तेवढ्यात ती पडद्यावर आलीच. चाकाच्या खुर्चीत, हसत. पदकं संघातल्या पंधरा जणींची आणि तिची जागा शफालीला गेलेली, त्यामुळे त्या रात्री तिच्यासाठी पदक नव्हतं, ते नंतर मिळालं. बाकीच्या नाचत होत्या. आई ती खुर्ची दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मला तेव्हा काही कळलं नाही. मेथी निवडताना ती 'ताईंचं?' म्हणाली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक अमोल मुजुमदारांवरचे मेसेज फिरायला लागले. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शाळाशाळांमधली हॅरिस शील्ड स्पर्धा. तेंडुलकर आणि कांबळीची ६६४ धावांची अखंड भागीदारी, आणि पुढचा फलंदाज अमोल पॅड बांधून बसलेला. पुढे रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतकं, आणि भारताकडून एकही सामना नाही. मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण उभे असताना जागा व्हायची कुठे? ऑक्टोबर २०२३ मध्ये ते महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि आता विश्वचषक. मेसेजच्या शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि 'संयमाचं फळ'.

मला ते हात जोडलेले बघून राग आला. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३९ च्या लक्ष्याचा पाठलाग चालू होता. जेमिमा रॉड्रिग्ज ८२ वर असताना तिचा सोपा झेल ॲलिसा हिलीच्या हातून सुटला, मग ती नाबाद १२७ पर्यंत गेली आणि आपण अंतिम फेरीत आलो. तो झेल बसला असता तर? मुजुमदारांचा संयम तोच, ११,१६७ धावा त्याच, फक्त फळ नाही. मग त्या संयमाला आपण काय म्हणालो असतो? बहुतेक काहीच नाही. विषयच निघाला नसता.

प्रयत्नांती परमेश्वर हे म्हणायला परमेश्वर भेटलेलाच माणूस लागतो. बाकीचे प्रयत्न करून घरी गेलेले असतात.

तर परिचय. मी नवा लिहिला, बारा ओळी झाल्या. त्यात सोडत घातली, तळमजला घातला, खिडकी घातली, आणि वरच्या काकूंचं नाव पूर्ण घातलं, 'ज्यांनी शिकवलं आणि दहा वर्षं ज्यांच्या हातच्या पोळ्यांवर हे नाव झालं' असं. आईने दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा ओठ हलवत. "आता पाठव," म्हणाली.

२६ तारखेला पूजा लांबली. गुरुजी साधुवाण्याच्या अध्यायावर होते, नावेतलं धन नाही म्हटलं आणि नावेत खरोखरच वेली-पानं झाली, तिथे. आई दरवर्षी त्या जागी हात जोडते, यंदाही जोडले. संध्याकाळी हळदीकुंकू, मुलांचे नाच, संगीत खुर्ची, आणि सत्काराला पावणेदहा वाजले. सेक्रेटरींनी माझा कागद हातात घेतला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वेळेअभावी थोडक्यात सांगतो. पतीची नोकरी गेल्यावर केवळ मेहनतीच्या जोरावर..." आई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, माझा नाही म्हणून. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप. आता आमच्या गाळ्यात पोळ्या करणाऱ्या सहा बायकांनी शिट्ट्या मारल्या.

घरी आल्यावर आईने साडीही न बदलता पुण्याला काकूंना फोन लावला. २००७ च्या दसऱ्याला त्या मुलाकडे गेल्या, त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही स्टेशनजवळ गाळा घेतला. फोन स्पीकरवर होता.

"ताई, आज माझा सत्कार झाला बरं का. शाल दिली."

"कसली? लोकरीची?"

"छे हो. पुढच्या सत्काराला देण्यासारखी."

दोघी हसल्या. मग आई म्हणाली, "तुमचं नाव लिहून दिलं होतं हिने. त्यांनी वाचलंच नाही."

"माझं नाव कशाला हवंय त्या लोकांना?" काकू म्हणाल्या. "तू आधी माझे दहा पैसे दे."

मला काही संदर्भ लागेना. आईला लागला. २००५ च्या पाडव्याला ती म्हणाली होती की दसऱ्यापासून पोळीमागे दहा पैसे वाढवून देते. मग जुलैचा पाऊस झाला, पोती गेली, उधारी झाली, आणि वाढ राहून गेली. काकूंनी कधी विचारलं नाही, आईने कधी काढलं नाही. "वीस वर्षं लक्षात ठेवलंत होय!" आई म्हणाली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. काकूही हसत होत्या. मग गुडघे, नातसून, पुण्याची थंडी. फोन ठेवला.

मी तुळशीचं रोप बाहेर ठेवून आले तर आई टेबलाशी बसलेली. सत्काराचं पाकीट उलटं करून, हातात पेन्सिल.

"दीडशे पोळ्या धर रोजच्या. कधी दोनशेही व्हायच्या, पण दीडशे धर. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत, दोन वर्षं. सुट्ट्या काढून टाक."

मी वर्षाचे तीनशे दिवस धरले, मोबाईलवर गुणाकार केला. नऊ हजार रुपये.

तिने आकडा पाकिटावर लिहिला, खाली रेघ मारली.

"आणि व्याज कसं लावतात गं?"